ओ देणारा

१

लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव मी एकदाच घेतलं होतं. उखाण्यात, पदराआड, आणि इतक्या हळू की नणंदेनं विचारलं, "काय व वैनी, माशी गुणगुणली का?" त्यानंतर गरज पडली नाही. "अजी" म्हटलं की भागायचं. आमगावकडच्या आमच्या खेड्यात घरोघरी हीच हाक. ज्याची असेल तो ओ देतो, बाकीचे पुरुष विडी ओढत बसून राहतात. एवढ्या अज्यांमधून आपली अजी त्यांना कशी कळते, हे मला तेव्हा नवलाचं वाटत नव्हतं.

हे बोलके होते. धानाची मिल, आणि त्या वर्षी लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी जीप, या दोन गोष्टींवर ते जेवण थंड होईपर्यंत बोलत. जीपचं स्टिअरिंगचं चाक डाव्या बाजूला. बोनेट उघडून ते मला एकेक भाग दाखवत. "हा रेडिएटर. याले पाणी लागते, बैलावानी." मी मान डोलवायची. आमच्या ओळखीची सुरुवात अशी रेडिएटरपासून झाली.

होळी झाली आणि गोंदियाच्या शाळेतली माझी मैत्रीण वच्छला चार दिवस राहायला आली. ती मास्तरीण झाली होती आणि कोणाच्या बापाला भीत नव्हती. ती यांना सरळ नावानं बोलवायची. "उदारामजी, तुमची जीप चालते का नुसती पुसून ठेवता?" सासूबाई तेवढ्यासाठी भांडी जोरात ठेवत. मला मात्र बरं वाटायचं. दुसरीच्या तोंडून का होईना, नाव कानावर पडायचं.

"उद्या कचारगडच्या गुहा पाहाले जाऊ," हे म्हणाले.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "जत्रा तं माघातच झाली. आता तिथं वटवाघळं हायेत. काऊन जाऊन राहिले मंग?"

"असंच. फिराले."

"फिराले!" त्यांनी तो शब्द खड्यासारखा बाहेर टाकला. "नागऱ्याले महादेव हाये, तिथं नाही जावाचं. वटवाघळाले भेटाले जातेत." आणि रात्रीच तिखटमिठाच्या पुऱ्या करून ठेवल्या.

२

सासरची शीव ओलांडली तशी मी मागची जागा सोडून पुढं जाऊन बसले. वच्छलानं मागून टाळी वाजवली. यांनी हसू दाबलं आणि गिअर म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली.

सालेकशाच्या पुढं रस्ता मातीचा होतो. दोन्हीकडं पळस पेटल्यासारखा फुलला होता. मोहाचा वास आधी गोड लागला, मग डोकं जड करू लागला. जंगलाच्या तोंडाशी शेवटचं गाव लागतं. तिथला बकाराम आमच्या मिलला धान घालतो. तो आम्हाला पाहून वाटेवरच आडवा उभा राहिला.

"उदारामजी! बायको घेऊन कुठं पळून राहिले जी?"

"सासूच्या धाकानं," वच्छला म्हणाली.

बकारामच्या अंगणभर मोहाची फुलं वाळत होती. त्याची बायको मंदाबाई गडवाभर पाणी घेऊन आली. यांनी बकारामला बोनेट उघडून दाखवलं. त्यानं फार गंभीरपणे आत पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे बैल कोनत्या बाजूनं घालता?" हे स्वतः इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो चेहरा मी नीट पाहून ठेवला. पुढं कामाला येईल म्हणून नव्हे. आवडला म्हणून.

३

चढावर जीप तापली. बोनेटच्या फटीतून वाफ आली.

"पाणी पायजे," हे म्हणाले. मागे रॉकेलचा एक रिकामा डबा होता, वर तारेची कडी लावलेला. तो घेऊन ते डावीकडच्या उतारावरून नाल्याकडं निघाले. उतरतानाही बोलणं चालूच. "इथून वाट हाये... काटे हायेत बाप्पा... तुमी सावलीत बसा..." मग शब्द कळेनासे झाले, मग आवाजही.

आम्ही पुऱ्या खाल्ल्या. वच्छलानं शाळेतल्या हेडबाईंची नक्कल करून दाखवली. सागाची पानं गळून गेलेली, जंगलात खाली नुसता पाचोळा. सरडा धावला तरी माणूस चालल्यासारखं वाजायचं. झाडाची सावली आमच्या अंगावरून सरकून रस्त्यापलीकडं गेली, तरी हे आले नाहीत.

"नाला आटला असंल," वच्छला म्हणाली. "पुढं गेले असतील पाणी पाहात. हाक मार ना."

मी उताराच्या कडेला उभी राहिले. "अजीऽऽ! आयकता का?"

वच्छला हसून हसून टायरला टेकली. "अशा हाकेवर जंगलातला कोनताबी नवरा येईल व! थांब, मी नावानं बोलावते."

"नको," मी म्हटलं. माझ्या नवऱ्याला तिनं नावानं हाक मारून जंगलातून आणावं हे मला रुचलं नाही. मी पदर सारखा केला आणि पुन्हा, आधीपेक्षा मोठ्यानं ओरडले, "अजीऽऽ!"

खाली डावीकडं पाचोळा वाजला. जड, संथ, ओझं घेऊन कोणी चढत असावं तसा. "आले," मी म्हटलं.

"ओ."

हा आवाज उजवीकडून आला, आणि अगदी जवळून. मी वळले. रस्त्याच्या उजव्या कडेला ते उभे होते.

४

हातात डबा नव्हता. अंगात तोच निळ्या चौकड्यांचा सदरा.

"पाणी?" वच्छलानं विचारलं. "डबा कुठं ठेवला?"

"लागत नाही."

ते चाकामागं बसले. जीप पहिल्या झटक्याला सुरू झाली. आम्ही कशाबशा चढलो. जीप वळली, आली त्याच वाटेनं परत. खाली डावीकडचा पाचोळा अजून वाजत होता, आता भराभर.

"खाली कोणीतरी आहे," मी म्हटलं.

"गुरं."

गुरं असतीलही. फाल्गुनात गुरं सोडलेलीच असतात. इंजिनाच्या आवाजात मग काही ऐकू आलं नाही.

"आणि कचारगड?" वच्छला मागून म्हणाली. "उदारामजी? रुसले का जी?"

उत्तर नाही. ती थोडी वाट पाहून पुन्हा म्हणाली, "उदारामजी, तुमच्याशी बोलून राहिली मी." रस्त्यावरची नजर हलली नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करणारा माणूस मानेत थोडा ताठरतो. ही मान तशीही झाली नाही.

"अजी," मी हळूच म्हटलं, "वच्छला काय विचारते?"

"ओ," ते म्हणाले, आणि पुढं काहीच नाही.

मी स्वतःला समजावत बसले. पाणी मिळालं नाही म्हणून चिडले असतील. उन्हाचा त्रास झाला असेल. वाट चुकून उजवीकडून वर आले असतील. जीप न तापता उतार उतरत होती, पण उतारावर जीप तापत नसेलही. रेडिएटरच्या धड्यात ते आलं नव्हतं. या माणसाबद्दल मला माहीत तरी काय होतं? जेवताना कांदा बुक्कीनं फोडतात. हिशेब करताना कान खाजवतात. रागावले की कसे दिसतात, हे मी अजून पाहिलंच नव्हतं. कदाचित असेच दिसत असतील. परका माणूस आणि रागावलेला नवरा यांतला फरक ओळखायला काही वर्षं लागत असावीत, आणि माझं लग्न तर मार्गशीर्षातलं.

५

बकारामच्या दारात जीप आपणहून थांबली नसती. तोच आडवा आला.

"उदारामजी, इतक्यात? वटवाघळं घरी नव्हती का?"

काही उत्तर नाही. बकारामनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "यांना ऊन लागलं वाटतं."

तेवढ्यात घरातून मंदाबाईचा आवाज आला, "अजी, आयकता का? टोपली धरा थोडी."

"ओ," चाकामागून आवाज आला.

बकाराम खो खो हसला. "अवो, मायी बायको होय थे! मले बोलावून राहिली!" वच्छलाही हसली, मीही. हसल्यानं जरा मोकळं वाटलं. बघ, मी मनात म्हटलं, थट्टा करताहेत. मूड परत आला.

पण तोंडावर थट्टा नव्हती. तोंडावर काहीच नव्हतं.

मग गल्लीच्या पलीकडच्या घरातून एका बाईनं आपल्या धन्याला हाक मारली. आम्हाला ती दिसतही नव्हती. "अजीऽ!"

"ओ."

आणि विहिरीकडून, लांबून, एक म्हातारा आवाज. "अजी..."

"ओ."

आता कोणी हसलं नाही. बकारामनं तोंडातली विडी काढली आणि ती हातातच विझू दिली. चाकामागचा माणूस आम्हा कोणाकडं पाहात नव्हता. हाक जिकडून येईल तिकडं फक्त त्याचा चेहरा वळायचा, ओ द्यायचा, आणि पुन्हा समोर यायचा.

मंदाबाई दारात आली होती. तिनं पुन्हा नवऱ्याला हाक मारली नाही. माझा हात धरून तिनं मला आत नेलं.

६

चुलीपाशी अंधार होता. वच्छला आमच्या मागोमाग आली.

"जंगलात तू बोलावलं होतं त्याईले?" मंदाबाईनं विचारलं.

"हो. उशीर झाला म्हणून."

"कसं बोलावलं?"

मी सांगितलं. मंदाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाली, "आमी मोहा येचाले जातो ना, तई नवऱ्याले नावानं बोलावतो. गावात अजी, जंगलात नाव. तिथं लाजत नाही कोनी."

"काऊन?" वच्छलानं विचारलं.

"मायी सासू सांगे. काऊन थे नाही सांगे." तिनं माझ्या मनगटावरची पकड सैल केली. "तुया मानूस थोच होय ना, पोरी? पाह्यलं ना तू नीट?"

मी पाहिलं होतं. नाक, कपाळ, सदरा, कानाशेजारचा तीळ, सगळं जागच्या जागी. मला एवढंच सांगता येईना की माझा माणूस तो हाच.

"मी नाव घेऊन पाहते," मी म्हटलं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. एकदाच, पण थांबेचना. आम्ही बाहेर आलो. बकारामनं सासूबाईंसाठी वाळल्या मोहाची टोपली मागे ठेवली होती. गल्लीतली बायापोरं गोळा झाली होती. "समोर बस," चाकामागून आवाज आला. एवढ्या लोकांत नवरा बस म्हणतो आणि नवी नवरी बसत नाही, याला काय कारण द्यायचं? हा माझा नवरा नाही? मंदाबाईनं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लावलं. मी बसले. वच्छला मागे चढली, न सांगता.

७

गावाबाहेर रस्ता बराच वेळ जंगलाच्या कडेनं जातो. मधे कापणी झालेली धानाची शेतं, त्यांचे बांधासारखे उंच धुरे, आणि त्यांच्या पलीकडं पळसांची ओळ. ऊन उतरलं होतं.

"घे," वच्छला मागून कुजबुजली.

एवढासा शब्द, पण आयुष्यभर गिळायला शिकवलेला. "उदाराम," मी म्हटलं, जवळजवळ मनात. मग जरा मोठ्यानं, त्याच्या कानाजवळ, "उदाराम."

तो गाडी चालवत राहिला. रस्त्यातल्या दगडाचं नाव घ्यावं आणि दगडानं पाहू नये, तसं.

"मागं तोंड कर," वच्छला म्हणाली. "जंगलाकडं."

मी सीटवर गुडघा टेकून मागं वळले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "उदाराऽऽम!"

"ओऽऽऽ!"

लांबून. पळसांच्या ओळीमागून. धाप लागलेल्या माणसाचा आवाज, बराच वेळ धावत आलेल्या माणसाचा. आणि लगेच काहीतरी बोललाही तो, मोठ्यानं, भराभर. शब्द कळले नाहीत. पण तो बोलत होता.

मग तो दिसला. पळसांतून बाहेर येऊन शेताच्या धुऱ्यावर उभा राहिला. निळं काहीतरी अंगात. उजवा खांदा खाली झुकलेला, हातात भरलेला डबा होता म्हणून. डावा हात वर केलेला, आमच्याकडं. चेहरा दिसेल इतका तो जवळ नव्हता.

मी उडी मारणार होते. पदर ताणला आणि मी मागं खेचली गेले. वाऱ्यानं उडालेलं त्याचं टोक चाकामागच्या माणसाच्या मांडीखाली दाबलेलं होतं. मी ओढलं. निघेना. जीपनं वेग घेतला. आणि घाबरलेल्या तोंडाला जे वळण होतं तेच त्यातून निघालं.

"अजी, थांबा! थांबा ना, अजी!"

"ओ," माझ्या शेजारी तो म्हणाला.

धुऱ्यावरचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला.

वच्छलानं मागून उडी टाकली. ती पडली, उठली, आणि साडी गुडघ्यापर्यंत धरून शेतातून धावत सुटली, "उदारामजी! उदारामजी!" करत. वळणावर पळस आडवे आले आणि मला दोघंही दिसेनासे झाले.

८

सासूबाईंनी मोहाची टोपली पाहून विचारलं, "गोंदियाची मास्तरीण कुठं राहिली?" मी म्हटलं, बकारामकडं. जीपमधून उतरून तो अंगणातल्या खाटेवर जाऊन बसला होता. जेवला नाही. ऊन लागलं समजून सासूबाईंनी त्याच्या तळपायाला कांदा चोळला आणि चोळता चोळता मधेच थांबल्या. उन्हानं तळपाय तापायला हवे होते ना, असं काहीतरी पुटपुटल्या. त्या रात्री मी त्यांच्याजवळ निजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बकारामची बैलगाडी आली. वच्छलाचे गुडघे सोललेले, आवाज पार बसलेला. तिनं मला गोठ्यामागं नेलं.

"मी पोचली तवा कोनी नव्हतं," ती म्हणाली. "धुऱ्यावर डब्याची चौकोनी ओल होती फक्त. आजूबाजूची माती कोरडी खट्ट. मी हाका मारत नाल्यापर्यंत गेली. बकाराम, गावची मानसं, सगळे कंदील घेऊन होते."

"ओ दिली का त्यांनी?"

"पयले देत होते," ती म्हणाली. "दर वेळी थोडं लांबून. मंग नाही."

ती बराच वेळ माझे हात चोळत राहिली, जणू मीच गारठले होते. मग म्हणाली, "चाल माझ्यासंगं गोंदियाले. आत्ता. गाडी उभी हाये."

"आणि ते आले तर?" मी म्हटलं. "ते इथंच येतील ना? त्यांना दुसरं घर कुठं माहीत आहे?"

वच्छला बैलगाडीत जाऊन बसली. ती गेली.

संध्याकाळी सासूबाईंनी चुलीवरून भाताचं भांडं उतरवलं. ताट वाढलं. दारात उभ्या राहून, रोज मारत तशी, त्यांनी हाक मारली, "उदाराम, ये बापा, जेवून घे."

अंगणात खाट करकरली नाही.

"उदाराम." त्यांचा आवाज थोडा चढला. "ए उदाराम!"

मी कंदिलाची काच पुसत होते. सासूबाई किती वेळ तशाच उभ्या होत्या ते मला सांगता येणार नाही. मुलाला जन्म दिलेल्या बाईला खाटेवरच्या पाठीत काय दिसलं असेल, तेही नाही. त्या माघारी वळल्या तेव्हा त्यांच्या हातातला भाताचा पळा तसाच भरलेला होता, आणि डोळे माझ्याकडं होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्यांना बहुधा नको होतं. एकुलता एक मुलगा होता.

"तूच बोलाव, बाई," त्या म्हणाल्या.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"ओ," अंगणातून आवाज आला, आणि पावलं घराकडं येऊ लागली.